हिमांतली लेक आणि आपलें चरित्रवाङ्मय

चरित्र आणि आठवण हे दोन निराळे वाङ्मयप्रकार आहेत, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरतेपणीं मानली जात नाहीं. माणसाच्या हातून काय झालें तें चरित्रकार सांगतो. तें माणूस कशांत रमत असे तें आठवण सांगणारा सांगतो. पहिल्यास कागदपत्रें लागतात, दुसऱ्यास सहवास लागतो. मराठींत चरित्रें पुष्कळ झालीं, आठवणींचीं पुस्तकेंही थोडीं नाहींत. परंतु त्यांत कोणीं कोणाची आठवण सांगितली आहे हें पाहूं लागलें म्हणजे एक उणीव डोळ्यांत भरते. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं पतीच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पुष्कळसा भाग पतीच्या सहवासानेंच भरलेला आहे. साने गुरुजींनीं १९३५ सालीं आपल्या आईची आठवण घरोघर पोंचविली. पत्नीनें पतीची, मुलानें आईची, शिष्यानें गुरूची आठवण सांगावी ही रीति आपल्याकडे रुळलेली आहे. मात्र वाढलेल्या, कर्त्या झालेल्या आणि दूरदेशीं गेलेल्या लेकीची आठवण तिच्या आईनें अगर बापानें सांगितली आहे, असें पुस्तक शोधूं गेल्यास हात जवळजवळ रिकामाच परत येतो.

याचा अर्थ आईच्या मनांत लेकीविषयीं कांहीं नव्हतें असा नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत माहेर आणि लेक या दोन शब्दांभोंवतीं जेवढी माया गोळा झाली आहे तेवढी आपल्या छापील वाङ्मयांतही नसेल. परंतु ओवीचा भूगोल लहान असतो. तिच्यांतली लेक चार-सहा कोसांवर सासरीं असते. भाऊबीजेला भाऊ मुराळी होऊन जाऊं शकतो, आणि आईला तिच्या अंगणांतील तुळसदेखील डोळ्यांपुढें आणतां येते. लेक समुद्र ओलांडून बर्फाच्या मुलखांत गेली म्हणजे ओवी थांबते. तेथील आकाश, तेथील दिवसाची लांबी, तेथील अन्न, यांपैकीं कशाचेंही चित्र आईला काढतां येत नाहीं. मग उरते ती काळजी. काळजी ही माया खरी. पण आठवण म्हणून ती अपुरी आहे. तिला लेकीच्या अंगावरची शाल दिसते, लेकीचा चेहरा दिसत नाहीं. दूर थंडींत गेलेल्या आपल्या लेकींविषयींचें आपलें वाङ्मय हें अशा काळजीचेंच वाङ्मय झालें आहे, आणि त्यामुळें त्या लेकींवर अन्याय झाला आहे, असें आमचें म्हणणें आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ आमच्या कल्याणच्याच एका लेकीचें उदाहरण घेऊन तिच्यावरील ग्रंथांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तत्पूर्वीं परदेशांतील एका आईचें पुस्तक तुलनेसाठीं समोर ठेवणें बरें. उत्तरध्रुवाच्या शोधास निघालेल्या रॉबर्ट पिअरी यांच्या पत्नी जोसेफाइन पिअरी पतीबरोबर उत्तर ग्रीनलंडांत जाऊन राहिल्या होत्या. १८९३ च्या सप्टेंबरांत तेथेंच त्यांना मुलगी झाली. हिवाळ्यांत सूर्य महिनेच्या महिने तोंड दाखवीत नाहीं अशा त्या मुलखांत ही गोरी मुलगी पाहून तेथील इनुइट लोकांस मोठें नवल वाटलें, आणि हिमाचें मूल अशीच तिची ख्याति झाली. १९०१ सालीं आईनें 'दि स्नो बेबी' या नांवाचें एक छोटें पुस्तक मुलीवर लिहिलें. पुस्तक लहान मुलांसाठीं आहे. थोर वाङ्मयांत त्याची गणना व्हावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु त्यांतील आईच्या दृष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. बाप ज्या प्रदेशाकडे जिंकावयाचा मुलूख म्हणून पाहत होता, त्याकडे आई मुलीचें अंगण म्हणून पाहते. हीच मुलगी मोठी झाल्यावर १९३२ सालीं बापाचें स्मारक उभारण्यासाठीं पुन्हां ग्रीनलंडास गेली आणि १९३४ सालीं तिनें स्वतःची कहाणी स्वतः लिहिली. लेक कोणत्या मुलखांत रमली हें आईनें आधीं सांगून ठेवलें होतें. पुढें लेकीनें तें आपल्या वागणुकीनें खरें केलें.

आतां आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळूं. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचें नांव यमुना. वाढल्या त्या कल्याणच्या जोशांच्या घरांत. आगगाडी कल्याणास १८५४ सालीं आली. म्हणजे इंजिनाची शिटी ऐकत वाढलेल्या कल्याणच्या पहिल्या पिढींतली ही मुलगी. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं लग्न, चौदाव्या वर्षीं झालेलें मूल थोड्याच दिवसांत गेलें, त्यानंतर पतीच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता असा प्रवास, आणि १८८३ च्या एप्रिलांत पतीवांचून एकटीनें अमेरिकेस प्रयाण. एवढी हकीकत शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहे. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कास उतरल्या, त्याच वर्षीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. त्या वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. ती त्यांना कधींच घेतां आली नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

फिलाडेल्फिया म्हणजे कांहीं ध्रुवप्रदेश नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु उल्हास नदीच्या कांठीं लहानाची मोठी झालेल्या, माघांतल्या पहांटेच्या गारठ्यापलीकडे थंडी न पाहिलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला तेथील हिंवाळा ध्रुवावरच्याहून फारसा निराळा वाटला नसेल. नऊवारी लुगड्यानें पाय झांकत नाहींत म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें लुगडें नेसण्यास आरंभ केला. आणि एवढ्या बदलासाठींही पतीस पत्रानें समजूत घालावी लागली. राहण्याच्या खोलींतील शेगडी धुराची. पेटवावी तर डोळे चुरचुरतात, न पेटवावी तर हातपाय गोठतात. हीं वर्णनें त्यांच्यावरील बहुतेक लिखाणांत येतात, आणि तीं यावींतच. आमची तक्रार एवढीच कीं, वाचक पुस्तक मिटतो तेव्हां त्याच्या मनांत धूर आणि थंडी एवढेंच राहतें. त्या खोलींत बसून जी मुलगी शिकत होती तिला शिकण्याचा जो आनंद होत होता, तो राहत नाहीं.

आनंदीबाईंवरील पहिला मोठा ग्रंथ अमेरिकेंत झाला. कॅरोलाइन हीली डॉल या समाजसुधारक लेखिकेनें बोस्टन येथें १८८८ सालीं, म्हणजे आनंदीबाईंच्या मृत्यूस जेमतेम वर्ष होतें न होतें तोंच, त्यांचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. या ग्रंथांत दोष आहेत. हिंदुस्थानाविषयींची लेखिकेची समजूत पुस्तकी आहे. चरित्राच्या मथळ्यांतच पंडिता रमाबाईंची नातलग अशी ओळख करून द्यावी लागली, यावरून अमेरिकन वाचकापुढें ही मुलगी कोणाच्या तरी आधारानें उभी करावी लागत होती हें दिसतें. तथापि त्यांतील एक गुण आमच्याकडील पुढच्या ग्रंथांत उतरला नाहीं. आनंदीबाईंशीं एका घरांत, एका पंक्तीस राहिलेल्या माणसांच्या सांगण्याचा आणि त्यांना आलेल्या पत्रांचा डॉलबाईंना आधार होता. त्यामुळें रोझेलच्या घरीं हिंदु पद्धतीची पंगत मांडणारी, तेथील मुलींबायकांना लुगडीं नेसविणारी, हंसणारी आणि हंसविणारी आनंदीबाई त्यांत भेटते. परमुलखांतल्या घराला आपल्या घराचें वळण लावणारी ही मुलगी पाहिल्यावर, ती तेथें केवळ दिवस मोजीत होती असें कोणास म्हणवेल?

मराठींत काशीबाई कानिटकर यांनीं आनंदीबाईंचें चरित्र लिहिलें आणि त्यास त्यांचीं पत्रें जोडलीं. काशीबाई आनंदीबाईंच्या चार वर्षांनीं वडील. पतीच्या उत्तेजनानें घरींच लिहावयास शिकलेल्या. एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें चरित्र मराठींत लिहावें ही गोष्ट त्या काळीं किती अपूर्व होती हें निराळें सांगावयास नको. मराठी वाचकाला आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज ऐकावयास मिळाला तो या पत्रांमुळें. त्याबद्दल काशीबाईंचें ऋण मोठें आहे. मात्र पत्रें पतीस लिहिलेलीं आहेत, हें ध्यानांत ठेवावयास हवें. गोपाळराव कधीं उत्तेजन देणारे, कधीं टोंचून बोलणारे. त्यांस लिहितांना आनंदीबाईंना आपल्या प्रत्येक कृतीचा हिशेब द्यावा लागे. हिशेबाच्या वहींत आनंद टिपला जात नाहीं. तो टिपला गेला श्रीमती कार्पेंटर यांना लिहिलेल्या इंग्रजी पत्रांत. एकाच काळांत एकाच लेखणीनें लिहिलेल्या या दोन पत्रमालिका शेजारीं ठेवून वाचणें हें आनंदीबाईंच्या चरित्रकाराचें पहिलें कर्तव्य होय.

१९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी निघाली, आणि तेव्हांपासून मराठी घराघरांतील आनंदीबाई या त्या कादंबरींतील आनंदीबाई झाल्या. पुढें तिच्यावरून नाटक झालें. २०१९ सालीं समीर विद्वांस यांनीं त्याच नांवाचा चित्रपट केला. कादंबरीचें सामर्थ्य आम्हांस मान्य आहे. गोपाळरावांसारखा विक्षिप्त, हट्टी, उदार आणि क्रूर माणूस एकाच देहांत उभा करणें हें लहान काम नव्हे. परंतु नांवांतच दोघें आहेत, आणि दोघांपैकीं गोपाळराव हेच लेखकाच्या लेखणीला अधिक प्रिय आहेत. आनंदीबाई आपल्याला दिसतात त्या बहुधा त्यांच्या डोळ्यांतून: घडविलेली मूर्ति म्हणून, मोडलेली मूर्ति म्हणून. पतिपत्नींची ही कथा मोठी आहे यांत वाद नाहीं. पण तिच्यांत अमेरिका ही केवळ परीक्षेची जागा ठरते. जेथें पति नाहीं तेथें पत्नीला कथाच नाहीं, असें कांहींसें होऊन बसतें. वस्तुतः ज्या दिवसांत आनंदीबाई पतीपासून सर्वांत दूर होत्या तेच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत स्वतंत्र दिवस होत. त्या दिवसांविषयीं आपली सर्वांत लोकप्रिय कलाकृति सर्वांत कमी उत्सुक असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

अंजली कीर्तने यांच्या १९९७ च्या 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' या ग्रंथानें ही कसर पुष्कळ अंशीं भरून काढली. दीर्घ परिश्रमानें मिळविलेलीं साधनें, तारखांची चोख पारख, आणि दंतकथेचें पटल बाजूस सारण्याची शिस्त, हे तिचे गुण होत. आनंदीबाईंवर बोलूं इच्छिणाऱ्यानें हा ग्रंथ आधीं वाचावा असें आम्ही म्हणूं. पण संशोधनाचा ग्रंथ आठवणीची जागा घेऊं शकत नाहीं. तो आठवणीसाठीं जागा झाडून देतो, एवढेंच.

मग आनंदीबाईंची आठवण एक लेक म्हणून कोणीं ठेवली? जन्मदात्या आईनें लिहून ठेवलेलें कांहीं आपणांपुढें नाहीं. आनंदीबाईंच्या पत्रांत आईच्या हातच्या कडक शिक्षांचा उल्लेख येतो, आणि तो वाचतांना मन कळवळतें. पण त्या पिढींतील बहुतेक घरांत बायकांच्या हातीं लेखणी नव्हती. आईची बाजू आईनें मांडलेली नाहीं, तेव्हां तिच्यावर निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. लक्ष्मीबाई टिळक या आनंदीबाईंच्या तीनच वर्षांनीं धाकट्या. त्यांच्या हातीं लेखणी आली तेव्हां एका साध्या घरांतील बाईच्या मनांत केवढा ऐवज असतो तें महाराष्ट्रानें पाहिलें. कल्याणच्या त्या घरांतील आईच्या मनांतही कांहीं असेल. तें आपल्यापर्यंत आलें नाहीं.

आलें तें दुसऱ्या एका आईचें. न्यू जर्सी राज्यांतील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनीं एका मिशनरी मासिकांत या हिंदु मुलीच्या शिक्षणाविषयींचा पत्रव्यवहार वाचला, आणि १८८० सालीं आपण होऊन तिला पत्र घातलें. तोंड पाहण्यापूर्वीं तीन वर्षें हीं पत्रें जात-येत राहिलीं. कलकत्त्यास असतांना आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप, अशक्तपणा जडला, तेव्हां या बाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आमच्या भाषेंत मावशी हें नातें आईच्या अगदीं लगतचें आहे. माय मरो पण मावशी जगो असें आपण म्हणतों तें उगीच नव्हे. आणि या मावशीचें घर हें आनंदीबाईंचें माहेर झालें. एरव्हीं लेक माहेरच्या उबेंतून सासरच्या कडक उन्हांत जाते असें आपण समजतों; येथें सगळें उलटें आहे. ज्या देशांत पाणी गोठतें त्या देशांत तिला ऊब मिळाली.

पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाल्यावर गोपाळरावांनीं त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविली. त्या बाईंनीं ती न्यूयॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली, आणि वर आनंदीबाईंच्या नांवाचा दगड बसविला. तो आजही तेथें आहे. घरच्या माणसांसाठीं राखलेल्या जमिनींत धर्मानें, वर्णानें, भाषेनें परक्या अशा मुलीला जागा देणें ही गोष्ट एकोणिसाव्या शतकांत वाटते तितकी सोपी नव्हती. श्रीमती कार्पेंटर यांनीं मोठें पुस्तक लिहिलें नाहीं. डॉलबाईंना पत्रें दिलीं, आणि मुलीला आपल्या माणसांत जागा दिली. आनंदीबाईंविषयींच्या साऱ्या वाङ्मयांत लेक म्हणून त्यांची खरी आठवण कोठें असेल तर ती या दोन गोष्टींत आहे. दरवर्षीं त्या दगडावर हिम पडतें आणि वसंतांत तें वितळतें. कल्याणच्या मुलीला हें शोभत नाहीं असें कोणास वाटेल; आम्हांस तसें वाटत नाहीं. माहेरीं निजलेल्या लेकीविषयीं कोणी असें बोलत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सरळ मनानें येईल. ज्या थंडीनें मुलीचा घांस घेतला त्या थंडींत ती रमली होती असें सांगणें हें क्रूरपणाचें नाहीं काय? यास आमचें उत्तर दुहेरी आहे. पहिलें असें कीं, आनंदीबाईंच्या प्रकृतीची तक्रार हिंदुस्थानांतच सुरू झाली होती. कलकत्त्यास गेलेलीं औषधें हेंच सांगतात. परदेशाच्या हवेनें क्षयाला मदत केली असेल, पण सर्व दोष हवेवर घालून मोकळें होणें म्हणजे बालपणींचें लग्न, चौदाव्या वर्षींचें बाळंतपण आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांना सोडून देणें होय. याच दुःखांतून आनंदीबाईंना वैद्यकीची ओढ लागली, आणि पदवीसाठीं त्यांनीं जो निबंध लिहिला तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावरचाच होता. दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें. मृत्यु हा आयुष्याचा शेवट असतो. तो आयुष्याचा अर्थ नसतो. बाविशींत गेलेल्या मुलीची साडेतीन वर्षें तिनें मनापासून आवडीनें काढलीं असतील, तर तिच्यापाशीं जें थोडें होतें त्यांतलें तें मोठें धन होय. शोकाच्या भरांत तें धन तिच्याकडून काढून घेण्याचा हक्क कोणास आहे? तेथें ती सुखी होती असें म्हटल्यानें आईबापांचें दुःख वाढत नाहीं. उलट त्याला टेकावयास जागा मिळते.

त्याग या शब्दाइतकाच दुसरा एक शब्द अशा लेकींना आपल्यापासून दूर नेतो. तो शब्द म्हणजे पहिली. पहिली स्त्री-डॉक्टर आनंदीबाई कीं कादंबिनी गांगुली, हा वाद अजून चालतो. दोघींनींही १८८६ सालींच वैद्यकीची पदवी मिळविली, एकीनें फिलाडेल्फियांत आणि दुसरीनें कलकत्त्यांत. आणि दोघींपैकीं कोणीही या शर्यतीसाठीं शिकावयास गेली नव्हती. आनंदीबाईंच्या प्रयाणानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८३ च्या डिसेंबरांत, भारताची तिसरी अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. तिच्यांत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरांत जन्मलेल्या मराठी समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. भारतीय मोहिमेंतून त्या खंडावर पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या स्त्रिया होत, ही नोंद सर्वत्र सांपडते. सेनगुप्ता यांनीं त्या अनुभवावर बंगालींत पुस्तक लिहिलें. परंतु मराठी वाचकाला विचारलें कीं, अदितीबाईंना त्या शुभ्र शांततेंत काय दिसलें, त्यांचा दिवस कसा जाई, पुन्हां बोलावलें तर जावेंसें वाटे काय, तर त्याच्यापाशीं पहिली या एका शब्दावांचून दुसरें उत्तर नसतें. हा शब्द मानाचा आहे; पण तो लावला कीं चौकशी संपते.

हा प्रश्न केवळ जुन्या चरित्रांचा असता तर आम्हीं इतका विस्तार केला नसता. आज ठाण्यांत, कल्याणांत, डोंबिवलींत अशीं किती तरी घरें आहेत कीं, ज्यांतील मुली कॅनडा, स्वीडन, नॉर्वे अशा हिंवाळी देशांत शिकत आहेत, नोकरी करीत आहेत, संसार करीत आहेत. रोज रात्रीं दूरध्वनीच्या पडद्यावर आई विचारते, थंडी फार आहे का, जेवलीस का. आणि लेक, आईला काळजी नको म्हणून, दुपारीं चार वाजतां पडणारा अंधार कसा आहे, गोठलेल्या तळ्यावरून चालतांना पायाखालीं कसा आवाज होतो, हें सांगतच नाहीं. पुष्कळांच्या मनांत एक अव्यक्त भीति असते: तिकडे रमली म्हणजे आम्हांला विसरली. आनंदीबाईंचें उदाहरण ही भीति खोटी ठरवितें. रोझेलांत रमलेली हीच मुलगी लुगडें नेसूनच वावरली, आपला आहार तिनें सोडला नाहीं, पदवी मिळतांच कोल्हापूरची जागा तिनें पत्करली आणि ती घरीं परत निघाली. एका मुलखावरचें प्रेम दुसऱ्या मुलखाच्या वांट्यांतून कापून घ्यावें लागत नाहीं, हें तिला ठाऊक होतें. तिच्यावर लिहिणाऱ्यांनाही तें ठाऊक असावयास हवें.

कांहीं घरांच्या नशिबीं याहून कठीण प्रसंगही येतो. लेक परत येत नाहीं. अशा आईबापांनीं लेखणी हातीं धरली तर आपण त्यांना काय सांगावें? टीकाकार म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, तिनें काय सोसलें याबरोबर तिला काय आवडलें तेंही लिहा. तिच्या मित्रमैत्रिणींना विचारा, तिच्या शेजारणीला विचारा, तिनें काढलेलीं छायाचित्रें पुन्हां पाहा. बर्फानें झांकलेल्या ज्या रस्त्यावरून ती रोज जात होती त्याचें नांव लिहून ठेवा. शेंकडों वेळां तिनें तुम्हांला सांगावयाचें टाळलें असेल तें आतां तुम्ही तिच्या वतीनें सांगा. त्यानें भाषेंतही भर पडेल, कारण हिमाला मराठींत शब्द थोडे आहेत. ते अशाच घरांतून यावयाचे आहेत.

आनंदीबाईंचें नवें चरित्र कोणी लिहावयास घेतल्यास त्यानें पतीस गेलेलीं पत्रें आणि मावशीस गेलेलीं पत्रें एकत्र मांडावीं, फिलाडेल्फियाच्या त्या तीन हिंवाळ्यांना त्यांच्या योग्यतेची पानें द्यावीं, आणि शेवटचें प्रकरण पुण्यांत न संपवितां पोकिप्सीपर्यंत न्यावें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करीत आहे. २०१७ सालीं अखिल भारतीय साहित्यसंमेलन डोंबिवलीस भरलें. ज्या भागांत ग्रंथांविषयीं एवढी आस्था आहे, आणि ज्या भागांतल्या घराघरांतून आज लेकी हिमाच्या मुलखांत जात आहेत, तेथूनच असें पुस्तक निघावें अशी आमची इच्छा आहे. तें निघेल तेव्हां त्याचें स्वागत करण्यास आम्हांस आनंद वाटेल.